‘आपला धर्म कोणता?’ हा प्रश्न काढून टाक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन आराखडा वाचला. चिनी समाजातील धर्माचा अभ्यास करण्याचा निश्चय चांगला आहे. पण प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, ‘आपला धर्म कोणता?’, तेवढा काढून टाक. तैवानमधील माझ्या पहिल्या क्षेत्रकार्यात मीही तोच विचारला होता. पूर्वजांच्या नामपट्टिकांपुढे उदबत्त्या जळत असलेल्या घरातल्या आजींनी ‘कोणताही नाही’ असे उत्तर दिले, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. ‘त्सुंगच्याव’ हा चिनी शब्द धर्म या आजच्या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे रूढ झाला. तो ऐकताच ग्रंथ, दीक्षा आणि संघटना असलेले पंथच लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. घरातली उदबत्ती त्यात बसत नाही.

या अडचणीवर ज्यांनी सर्वांत फलदायी विचार केला, त्या समाजशास्त्रज्ञ सी. के. यांग यांची कारकीर्द बारकाईने पाहा. ग्वांगतोंग प्रांतात जन्मलेले यांग येनचिंग विद्यापीठात आणि नंतर मिशिगनमध्ये शिकले. १९४८ ते १९५१ या काळात ग्वांगचौच्या लिंगनान विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी जवळच्या नानचिंग नावाच्या खेड्याचा अभ्यास केला (नानजिंग या मोठ्या शहराशी त्याचा संबंध नाही). म्हणजे डोळ्यांदेखत राज्यव्यवस्था बदलत असताना ते शेतजमीन, कुळे आणि कुटुंबे यांच्या नोंदी घेत होते. धर्मावरचे ‘रिलिजन इन चायनीज सोसायटी’ हे पुस्तक आले ते १९६१ मध्ये, म्हणजे गाव आणि कुटुंब यांवरील त्यांच्या पुस्तकांनंतर. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो.

त्या पुस्तकात त्यांनी संस्थात्मक धर्म आणि समाजाच्या इतर व्यवस्थांत झिरपलेला धर्म असा भेद केला. झिरपलेल्या धर्माला स्वतःचे वेगळे पुरोहितमंडळ नसते; कुटुंबप्रमुख, व्यापारी संघ किंवा जिल्ह्याचा अधिकारीच त्याचे विधी चालवतो. हे दाखवण्यासाठी त्यांनी जुन्या स्थानिक गॅझेटियरांतून (म्हणजे त्या त्या भागाच्या माहितीच्या नोंदग्रंथांतून) आठ ठिकाणच्या १,७८६ मंदिरांची वर्गवारी केली, आणि ती बौद्ध, ताओ अशा नावांनी न करता, मंदिर कशासाठी उभे आहे, संततीसाठी, शेतीसाठी, रोगनिवारणासाठी की राज्याच्या रक्षणासाठी, यानुसार केली. त्यांच्या पुस्तकातला हा भाग पुन्हापुन्हा वाच. मात्र गॅझेटियर हे अधिकारी आणि विद्वान यांनी लिहिलेले असतात, हेही ध्यानात ठेव. गल्लीच्या कोपऱ्यातल्या भूमिदेवतेच्या घुमटीची नोंद घेण्याचे त्यांना फारसे कारण नव्हते; ती तुला पायी फिरूनच शोधावी लागेल.

देव्हारा आणि ग्रामदैवत यांत वाढलेल्या तुला ‘झिरपलेला धर्म’ चटकन कळेल, पण धोकाही तिथेच आहे. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी लोक कबरी स्वच्छ करतात आणि कागदी पैसे जाळतात. त्याला ‘त्यांचा पितृपक्ष’ म्हटले की कबर, वंशावळ आणि कुळाची सामायिक जमीन यांच्याविषयीचे प्रश्न विचारायचेच राहून जातात. तुलना कर, पण प्रबंधाच्या शेवटी.

चिनी भाषेला निदान चार वर्षे दे आणि जुन्या लिखित चिनीचा कंटाळा करू नकोस, कारण गॅझेटियर तीतच आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी चीन न पाहता आणि चिनी न वाचता त्याच्या धर्मांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १९६४ च्या इंग्रजी आवृत्तीला यांग यांची प्रस्तावना आहे, ती मूळ ग्रंथाच्या आधी वाच. नोकरीची चिंता रास्त आहे, भारतात अशा जागा मोजक्याच आहेत. म्हणून समाजशास्त्राचा पाया पक्का ठेव, म्हणजे कोणत्याही विभागात शिकवता येईल. चीनमध्ये हा विषयच १९५२ मध्ये विद्यापीठांतून काढून टाकला होता आणि १९७९ मध्ये तो परत आला, तेव्हा पिट्सबर्गमध्ये प्राध्यापक असलेल्या यांग यांनी उतारवयात त्याच्या उभारणीला हातभार लावला.

नव्या प्रश्नावलीसोबत कोणत्याही एका जिल्ह्याच्या गॅझेटियरमधली मंदिरांची यादी मूळ चिनीतच पाठव. अर्थ अडला तरी चालेल, आपण दोघे बसून लावू.

तुझा हितचिंतक