संगणकावरचा पाठ मुलं अर्ध्यात का सोडतात?

प्रश्न : आमची संस्था 18 ते 24 वयाच्या गे आणि बायसेक्शुअल तरुणांसाठी संगणकावर लैंगिक आरोग्याचा पाठ तयार करते आहे. पहिल्या चाचणीत बरीच मुलं तिसऱ्या पडद्यापर्यंतच टिकली. आराखडा सोबत जोडला आहे. काय बदलावं?
– एक कार्यकर्ती, सातारा

उत्तर : आराखड्यात सुरुवातीला विषाणूची रचना आहे, मग लगेच गुप्तरोगांचे फोटो. फोटो काढाच, घाबरलेला मुलगा पाठ बंद करतो, तपासणीला जात नाही. तो येतो तेव्हा बहुतेकदा डोक्यात एकच प्रश्न असतो : परवा कंडोम फाटला, आता काय?

म्हणून पहिल्याच पडद्यावर संबंधाची तारीख आणि वेळ विचारा. 72 तास उलटले नसतील तर ‘आजच सरकारी रुग्णालयात जा, पेप मागा’ असं ठळक दिसू द्या. पेप म्हणजे एचआयव्हीची लागण टळावी म्हणून संबंधानंतर घ्यायचं औषध. ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि 28 दिवस घ्यावं लागतं. मुदत टळली असेल तर एचआयव्ही चाचणीची तारीख काढून द्या : प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या) चाचणीला संबंधानंतर 45 दिवस, बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या झटपट चाचणीला 90. त्याआधीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही, हेही तिथेच लिहा. खाली 1097 ही एचआयव्हीविषयीची सरकारी हेल्पलाइन.

कंडोमचा व्हिडिओ नुसता दाखवू नका. पायऱ्या विस्कटून द्या आणि मुलांना क्रम लावू द्या : मुदत पाहणं, पाकीट हाताने फाडणं, टोक चिमटीत धरणं, मुळापर्यंत उलगडणं, ताठरपणा असतानाच कड धरून काढणं. क्रम चुकला की कारण लगेच दिसावं. वंगणाचा पडदा तर हवाच, कारण गुदमैथुनात कोरडेपणामुळे कंडोम फाटतो आणि घरात हाताशी असतं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. दोन्हींनी लॅटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, कमजोर होतं. पाण्यावर आधारित जेल सांगा.

आणखी एक राहिलंय. लघवीच्या तपासणीत घशातला किंवा गुदद्वारातला गनोरिया (एक गुप्तरोग) सापडत नाही, आणि तिथे लक्षणंही बहुधा नसतात. त्या जागांचे स्वॅब मागायचे असतात, हे डॉक्टरांपुढे कसं बोलावं याची दोन वाक्यं तयार द्या.

आता खासगीपणा. घरातला संगणक सगळ्यांचा असतो. टॅबवर ‘पाठ 3’ एवढंच नाव ठेवा, आवाज आपोआप सुरू नको, नाव-नंबर विचारू नका, तारखेचा हिशेब ब्राउझरमध्येच होऊ द्या. ‘बाहेर’ बटणाने हवामानाचं पान उघडावं. पण ‘मागे’ दाबल्यावर पाठ परत दिसत नाही ना, हे प्रत्येक ब्राउझरमध्ये तपासा.