गिटारवर जी/बी, डी/एफ शार्प अशा स्लॅश कॉर्ड्स कशा वाजवायच्या? त्या सोडून साधी कॉर्ड वाजवली तर चालते का?

तिरक्या रेघेच्या डावीकडे कॉर्ड असते आणि उजवीकडे त्या कॉर्डच्या तळाशी वाजायचा एक स्वर. जी/बी म्हणजे कॉर्ड जीचीच, पण सगळ्यात खालचा स्वर बी. रेघेनंतर अक्षराऐवजी आकडा असेल, जसं सी ६/९, तर ती स्लॅश कॉर्ड नव्हे. तिथे सी मेजरमध्ये सहावा आणि नववा स्वर मिळवायचा असतो.

साधी कॉर्ड कधी चालते? सोबत कुणी बेस गिटार वाजवत असेल तर खुशाल वाजवा, तळ तो सांभाळतो. एकट्या गिटारवर मात्र स्लॅश कॉर्ड सोडू नये. सी – जी/बी – ए मायनर ही ओळ घ्या. तळाचे स्वर सी, बी, ए असे एकामागून एक उतरतात. जी/बीच्या जागी साधी जी घेतली की बेस सीवरून थेट खालच्या जीवर पडतो आणि पुन्हा वर एवर येतो. कॉर्ड्स चुकलेल्या नसतात, तरी गाणं तुटक वाटतं. म्हणून माझा आग्रह असा: स्लॅश कॉर्डचे सुटे आकार पाठ करू नका, आधी तळाची ओळ एकेक तार वाजवून कानात बसवा.

पुढचे आकडे फ्रेटचे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधल्या घरांचे) आहेत, जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेकडे. ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे वाजू द्यायची नाही अशी तार.

सुरुवात जी/बीनेच करा: ×-२-०-०-३-३. सी कॉर्डमध्ये मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असतं. ते त्याच फ्रेटवर पाचव्या तारेवर सरकवा, तर्जनी उचला, अनामिका दुसऱ्या तारेच्या आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. पुढे ए मायनरला मधलं बोट परत चौथ्या तारेवर जातं. म्हणजे या बोटाला सबंध ओळीत एक तार पुढे-मागे एवढीच हालचाल आहे. करंगळी अजून साथ देत नसेल तर दुसरी तार मोकळी ठेवा आणि पहिल्या तारेवर अनामिका घ्या: ×-२-०-०-०-३.

इथे हमखास बिघडते ती सहावी तार. ती मोकळी वाजली तर तळाला ई येतो आणि कॉर्ड ई मायनर सेव्हनसारखी ऐकू येते. पाचव्या तारेवरचं बोट किंचित पुढे सरकवा, म्हणजे त्याचं टोक सहाव्या तारेला हलकं टेकेल. दाबायचं नाही, फक्त टेकवायचं. उजव्या हाताने नेम धरून ती तार चुकवण्यापेक्षा हा उपाय भरवशाचा आहे, कारण जोरात स्ट्रमिंग करताना नेम राहत नाही.

सी/जी सोपी आहे: ३-३-२-०-१-०. अनामिका सहाव्या तारेवर, करंगळी पाचव्या, मधलं बोट चौथ्या आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर. नेहमीच्या सीमध्ये चुकून सहावी तार मोकळी वाजते तेव्हा सी/ई तयार होते. तीही खरी स्लॅश कॉर्ड आहे, फक्त ती हवी असेल तेव्हाच वाजली पाहिजे.

डी/एफ शार्पवर बहुतेक जण अडतात. रीत एक, अंगठ्याची: २-×-०-२-३-२. नेहमीची डी धरा आणि अंगठा गिटारच्या मानेवरून आणून सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट दाबा. अंगठ्याची कड पुरते, पूर्ण पेर लागत नाही, आणि त्याचंच टोक पाचव्या तारेला टेकून ती बंद करतं. पाचवी तार वाजली तरी तो स्वर डी कॉर्डमधलाच ए आहे, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. पण एफ शार्प आणि ए इतके खाली एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो. अंगठा वर आणताना तळवा मानेला चिकटतो, बोटं आडवी पडतात आणि पहिली तार दबकी वाजते. असं झालं तर मनगट थोडं बाहेर काढा.

क्लासिकल गिटारची मान रुंद असते, आणि हात लहान असला तर अंगठा साध्या गिटारवरही पोचत नाही. तेव्हा रीत दोन, आकार तोच: तर्जनी सहाव्या तारेवर, मधलं बोट तिसऱ्या, करंगळी दुसऱ्या आणि अनामिका पहिल्या तारेवर. करंगळी तेवढी तिसऱ्या फ्रेटवर, बाकी सगळी दुसऱ्यावर. बदल वेगाने करायचा असेल तर पहिली तार गाळून २-×-०-२-३-× वाजवा, मधलं बोट सहाव्या, तर्जनी तिसऱ्या आणि अनामिका दुसऱ्या तारेवर. जी – डी/एफ शार्प – ई मायनर या ओळीत ती पुरेशी भरीव वाजते.

सराव मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा. पहिल्या मात्रेला फक्त तळाची तार, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेला बारीक बाजूच्या तीन-चार तारा. एकदम सगळ्या तारांवरून पिक फिरवला तर तळाचा स्वर आला की नाही हे तुमच्याच कानाला कळत नाही. चारही मात्रा स्वच्छ वाजल्या तरच वेग ५ ने वाढवा. बदलताना तळाचं बोट सगळ्यात आधी पडलं पाहिजे, कारण वाजायची पहिली तार तीच असते. बाकीची बोटं एका मात्रेने उशिरा आली तरी निभतं.

या हाताखालून गेल्या की ए मायनर – ए मायनर/जी – डी/एफ शार्प – एफ ही उतरण घ्या. तळाला ए, जी, एफ शार्प, एफ. ए मायनर/जी म्हणजे ३-०-२-२-१-०, ए मायनर तशीच ठेवून करंगळी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. ताण जास्त वाटला तर अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलून सहाव्या तारेवर न्या: ३-०-२-०-१-०. जी हा स्वर ए मायनरमध्ये मुळात नाही, त्यामुळे ही कॉर्ड थांबण्याजोगी वाटत नाही, पुढे ओढत नेते. एफ/जी (३-×-३-२-१-१) मध्येही तोच गुण आहे आणि तिच्यानंतर सी घेतली की लगेच ऐकू येतो, पण तिच्यात तर्जनीचा छोटा बारे लागतो, म्हणजे एकाच बोटाने दोन तारा एकदम दाबाव्या लागतात. एफ नीट वाजायला लागेपर्यंत तिच्या मागे लागू नका.

कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा मानेवरचा चिमटा) लावला तर आकार हेच राहतात, खरे स्वर बदलतात: दुसऱ्या फ्रेटवर कॅपो ठेवून धरलेली जी/बी प्रत्यक्षात ए/सी शार्प वाजते. बेसवाल्याला कॉर्ड सांगताना हे दुसरं नाव सांगा.