हनोईला इंग्लिश शिकवायला जायचंय, भारतीय पासपोर्टवर जमेल का?

जमेल, पण टुरिस्ट व्हिसावर जाऊन मग बघू असं अजिबात करू नका. वर्क परमिटला पदवी, टेफल (म्हणजे इंग्लिश शिकवण्याचं) सर्टिफिकेट आणि पोलिस क्लिअरन्स लागतं, हे सगळं इथूनच अटेस्ट करून न्या, तिकडून करायला फार धावपळ होते. नेटिव्ह स्पीकर नाही म्हणून काही इंग्लिश क्लासवाले पगार कमी सांगतात, डेमो लेसन दणक्यात द्या आणि मग बोला. क्लास बहुतेक संध्याकाळी नि शनिवार-रविवारी. राहायला ताय हो तळ्याकडे परदेशी लोक जास्त, त्यामुळे भाडंही जास्त, मला कौ झाय हा भाग बरा वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा इतकी दमट की फरशीला पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत, सर्टिफिकेटं प्लास्टिकमध्येच ठेवा. शाकाहारी असाल तर ‘कॉम चाय’ (शाकाहारी जेवण) पाटी बघून जेवा, बाकी ठिकाणी भाजीतही फिश सॉस असतो.