गोवरच्या लसीमुळे मुलांना ऑटिझम (स्वमग्नता) होतो का?

नाही. ही भीती १९९८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या लेखातून पसरली. त्यात मुलं होती अवघी १२! नोंदींत फेरफार निघाले आणि २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांच्या अभ्यासात लस घेतलेल्यांना धोका जास्त आढळला नाही.

मग संशय का येतो? आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. नावाने हाक मारली तरी न बघणं, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणं, येत असलेले शब्द जाणं ही ऑटिझमची लक्षणंही बहुधा याच वयात घरच्यांच्या लक्षात येतात. ऑटिझमचं मूळ मोठ्या प्रमाणात जनुकांत असतं. आईची माया कमी पडली, हे तर कृपा करून कुणालाच ऐकवू नका. अशी लक्षणं दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या, सोबत कानांचीही.