वाचकांचे प्रश्न : ‘मुक्तांगण’ कसे उभे राहिले?

प्रश्न : आमच्या एका नातलगाला दारू सोडवण्यासाठी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल करण्याचा विचार घरात चालू आहे. ही संस्था कोणी आणि का सुरू केली? पूर्वी स्वतः व्यसनी असलेली माणसे तेथे समुपदेशन करतात, हे खरे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुक्तांगणची सुरुवात दारूतून नव्हे, तर गर्दमधून झाली. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, हा हेरॉइनचा अशुद्ध प्रकार, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांतही शिरली. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा; एवढ्यावर घरेच्या घरे उद्ध्वस्त होत होती. लेखक-पत्रकार अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये वावरून लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी या मुलांवरील उपचारांसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले.

देणगीची ही हकिकत सर्वांना ठाऊक असते. परंतु माझ्या मते संस्थेला तिचा स्वभाव दिला तो अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी, ज्यांना घरचे सुनंदा म्हणत. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्द बंद झाली की ‘टर्की’ सुरू होते : अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, रात्र रात्र डोळा लागत नाही. अशा अवस्थेतला मुलगा खोटे बोलतो, चोऱ्या करतो, म्हणून घराने आणि समाजाने त्याला गुन्हेगार ठरवलेले असते. त्याला आजारी माणूस मानून प्रेमाने वागवायचे, हा त्यांचा आग्रह होता. रुग्णांसाठी त्या ‘मॅडम’ होत्या आणि अवचट ‘बाबा’. कर्करोगाशी झुंजतानाही त्या काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संचालकपदाची धुरा सांभाळली. येरवड्यातच संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली आणि आता दारूचे रुग्णही तेथे मोठ्या संख्येने येतात.

आपण ऐकलेली गोष्ट खरी आहे. तेथून बरे झालेले अनेक जण तेथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. “मला व्यसन नाही, मी मनात आणले तर उद्या सोडीन,” असे नवा रुग्ण म्हणतो, तेव्हा हेच वाक्य कधी काळी स्वतः उच्चारलेला माणूस त्याच्यासमोर बसलेला असतो. डॉक्टरांचा सल्ला टाळता येतो, पण अशा माणसाला फसवणे फार अवघड जाते. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या, व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांमागेही हाच विचार आहे आणि मुक्तांगणने त्या आपल्या उपचारांत सामावून घेतल्या आहेत.

आपल्या घरासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. निवासी उपचार साधारण पस्तीस दिवसांचे असतात. त्यानंतरचा पाठपुरावा तितकाच महत्त्वाचा असतो, कारण घसरण्याचा धोका घरी परतल्यावरच अधिक असतो. घरच्यांनाही उपचारांत सहभागी करून घेतले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण वर्षानुवर्षे भीतीत आणि संशयात काढलेल्या स्त्रीलाही आधार लागतो. आपले नातलग विवाहित असतील, तर दाखल करायला जाताना त्यांच्या पत्नीलाही सोबत न्या.