पुरात बुडालेली येझदी घेण्याआधी

भावा, सांगलीत जुनी येझदी मोटारसायकल स्वस्तात मिळतेय म्हणतोस, तर मालकाला आधी विचार, गाडी २०१९ च्या पुरात बुडाली होती का? तो नाहीच म्हणणार. तू हेडलाइटच्या आत आणि सीटखाली बघ. वाळलेला गाळ दिसला तर किक मारू नकोस. जुन्या येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या डब्यातूनच, वर जातं, तिथं गाळ असला की बेअरिंग गेलंच. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. स्पार्क प्लग काढ, इंजिन खोल, क्रँक धू, ऑइल सील नवेच टाक. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजली असेल तर ओव्हरसाइज (थोडा मोठा) पिस्टन आधी हातात घे, मग त्याच्या मापानं सिलिंडर कोरून घे.

खोलताना मोबाइलवर फोटो काढत जा. वायरिंगला तर हे हवंच.

कागद? पंधरा वर्षांनंतर आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) रिन्यू झालीय का, चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन नंबर त्याच्याशी जुळतात का, ते पैसे देण्याआधी बघ. मॉडिफाय करायचंय, कर. हँडल, सीट, रंग बदल. पण चासी कापायला माझा सरळ विरोध. आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि गाडीचा तोलही जातो.

रंग सगळ्यात शेवटी. पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळायला विसरू नकोस. नवं पिस्टन मुरेपर्यंत साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात गाडी ताणू नकोस.