डायलिसिस सुरू झालं म्हणून माणूस बाजूला बसवायचा का?

"मॅडम, हे हल्ली बोलतच नाहीत, परवा तर डायलिसिसला जाणारच नाही म्हणून अडून बसले." पेशंटच्या बायकोकडून हे मी सारखं ऐकते. भांडुपचे एक काका (तपशील बदललेत), डायबेटिसने किडन्या गेल्या, आठवड्यातून 3 वेळा 4-4 तास मशीनवर.

आधी काकूंना म्हटलं, हे नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, आजच सांगा. डायलिसिस चुकवलं की पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, आणि डिप्रेशन असेल तर किडनी बघून डोस ठरवून त्यावर गोळ्या देता येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग काका एकटे बोलले. घरच्यांचा जीव आहे हो त्यांच्यावर, पण त्या मायेपोटीच एकेक गोष्ट त्यांच्या हातातून गेली होती, पाणी काकू मोजणार, गोळ्या सून काढणार, आणि सोसायटीचे हिशोब ते बघायचे तर बाबांना ताण नको म्हणून मुलाने परस्पर राजीनामा देऊन टाकला! "किडनी गेली ते कळलं, पण मी अजून आहे ना घरात?" असं म्हणाले.

पॉझिटिव्ह राहा वगैरे मी सांगत नाही, त्याने पेशंट अजून एकटा पडतो. ठरवलं एवढंच की पाण्याचा हिशोब काकांकडे. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं ठरवून दिलंय तेवढं सकाळी बाटलीत भरायचं, चहा घेतला, आमटी घेतली की तेवढं त्यातून ओतून टाकायचं, आणि कोणी टोकायचं नाही. फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) बोटं ठेवून थरथर लागते का तेही रोज तेच बघतात, नाही लागली तर लगेच सेंटरला फोन. सुरुवातीला एकदा पाणी जास्त झालं, वजन वाढलं, मशीनवर पायात गोळे आले, काकू रडवेल्या झाल्या, पण पुढच्या वेळी काकांनी स्वतःच सांभाळलं.

यंदा गणपतीला कुडाळला जाणं नाहीच असं सगळ्यांनी धरलं होतं. काकांनी स्वतः तिकडच्या सेंटरला फोन केला, हिपॅटायटिस-एचआयव्हीचे रिपोर्ट आधी पाठवले, स्लॉट घेतला आणि गेले. सोसायटीचं रजिस्टरही परत आलंय. गोळ्यांचा डबा मात्र सूनबाईंना अजून सोडवत नाही, पुढच्या वेळी त्यांनाही बोलावलंय.